मी, काचेच्या पेटीतला उजवा पाय

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर आधी हसाल. खुशाल हसा, मला सवय आहे. मी एक पाय आहे. नुसता पाय, तोही लाकडाचा, घोट्यापर्यंतचा, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. मला नखं नाहीत, बोटं वेगळी दिसत नाहीत, गुदगुल्या मात्र होतात. जोडा शिवताना चामडं ज्याच्यावर ताणून बसवतात, तो मी. कारागीर लोक मला कलबूत म्हणतात. जोडा तयार झाला की मला आतून ओढून काढतात आणि जोडा आपल्या माणसाबरोबर निघून जातो. खरा पाय येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची, एवढंच आमचं काम.

मी उजवा. माझा जुळा भाऊ डावा. आम्ही दोघं एकाच ओंडक्यातून, एकाच दुपारी जन्मलो, तरी तो स्वतःला धाकटा समजतो आणि जरा कुठे खुट्ट झालं की घाबरतो. त्याचं नाव मी भित्रा ठेवलंय. पुढे तो येईलच.

आम्हाला घडवलं एका म्हाताऱ्या जोडेवाल्याने. त्याचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत बसलं की दुकानदाराला बाहेर यावं लागे. म्हातारा प्रत्येकाचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचा, कागदाच्या पट्टीने मोजायचा, आणि मोजता मोजता त्या माणसाची सगळी खबर काढायचा. टाच कुठे झिजते यावरून तो सांगे की हा माणूस घाईत असतो की चिंतेत. लोक जोड्यासाठी यायचे आणि मन हलकं करून जायचे. महिन्याकाठी जोडे व्हायचे मोजकेच. घरात पोटापुरतं असायचं, बास.

म्हाताऱ्याला दोन मुलं. थोरली ताई आणि तिच्या पाठचा धाकटा. ताईचा हात शिवणीत असा बसलेला की टाका शोधून सापडायचा नाही. धाकट्याचा हात यथातथाच, पण डोकं मात्र घोड्यासारखं धावायचं. वडिलांनी फेकलेल्या मापाच्या पट्ट्या त्याने वर्षभर गोळा केल्या, जमिनीवर मांडल्या, आणि एक दिवस उठून म्हणाला, "बाबा, सगळं गाव आठ मापांत बसतंय."

"बसतंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"जवळपास बसतंय. आठ साचे केले की झालं. माप घ्यायलाच नको."

"आणि जो नवव्या मापाचा असेल तो?"

"तो आठव्यात घालेल. सवय होते पायाला."

म्हाताऱ्याने मला उचललं आणि माझ्यावरचं चामडं जरा जास्तच जोरात ताणलं. मला ते अजून आठवतं.

पण मित्रांनो, खोटं का बोला, धाकट्याचं गणित चाललं. नुसतं चाललं नाही, पळालं. आधी पत्र्याची शेड झाली, मग कारखाना, मग तीन कारखाने. चौकाचौकांत त्याचे जोडे लागले. स्वस्त, टिकाऊ, चकचकीत, आणि आठच मापांचे. लोक त्याला मागून 'आठमापे' म्हणू लागले आणि पुढून 'साहेब'. त्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "कारखान्याशी लागलंय, सवतीला जागा नाही." ताई त्याच्या कारखान्यात तपासणीवर बसली. वाकडा टाका दिसला की अख्खी रास परत पाठवायची. तिला सगळे घाबरायचे. आठमापेसाहेब जरा जास्तच.

आणि आम्ही? आमचं तर भाग्यच उजळलं. म्हातारा गेल्यावर साहेबांनी आम्हा दोघांना काचेच्या पेटीत, मखमलीवर बसवलं. खाली पितळी पाटी लावली, 'इथून सुरुवात झाली'. पाहुणे यायचे, वाकून बघायचे, फोटो काढायचे. "काय घडण आहे," म्हणायचे. मी फुगायचो. भित्रा तर इतका खूश होता की तीन वर्षं घाबरलाच नाही.

चौथ्या वर्षी मला कंटाळा यायला लागला. काच रोज पुसली जायची, पण बाहेरून. आत आमच्यावर धुळीची साय धरली. चामड्याचा वास नाही, खळीचा चिकटपणा नाही, हातोडीची ठकठक नाही. खाली कारखान्यात आता प्लॅस्टिकचे साचे होते, आठ रंगांचे. आमच्यासारखे लाकडी पाय घडवणारे कारागीर एकेक करून घरी बसले होते. माणसं आमच्याकडे बघायची, पण आमच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं. मित्रांनो, कौतुकातही एकटं वाटतं, हे मला तिथे कळलं. अशी तीस-पस्तीस वर्षं गेली.

मग एक दिवस साहेबांनी कारखाने विकले. एका मोठ्या कंपनीने सगळं घेतलं: यंत्रं, गोदामं, प्लॅस्टिकचे पाय, नाव. त्यांना आम्हीही हवे होतो. "हे दोघं नाही," साहेब म्हणाले. आमची पेटी त्यांच्या घरी, दिवाणखान्यात आली. पेटीची किल्ली मात्र किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर कंपनीकडे गेली. त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आता साहेबांकडे इतके पैसे होते की सात पिढ्या बसून खातील. पण घरात पिढी होती एकच, आणि तीही म्हातारी. साहेब सकाळी उठायचे, चहा प्यायचे, घड्याळ बघायचे, परत चहा प्यायचे. एक दिवस त्यांनी कपाटातले सगळे जोडे बाहेर काढून ओळीने लावले. ताई शेजारी घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. (कारखाना सुटल्यावर तिची तपासणी भाजीवर आली होती.)

"किती आहेत रे?" तिने विचारलं.

"चाळीस जोड."

"आणि पाय?"

साहेबांनी आपल्या दोन पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, वाटून टाकू या."

"हे जोडे?"

"सगळंच. पैसा, जमीन, सगळं. आपल्याला दोघांना किती लागतं?"

ताईने हातातली शेंग तशीच धरली. भावाकडे असं पाहिलं, जसं ती चांगल्या टाक्याकडे पाहायची. "कर," म्हणाली, "पण नीट कर."

आता नीट म्हणजे काय, ते साहेबांना एकाच पद्धतीने माहीत होतं. त्यांनी जुन्याच कारखान्याला दहा हजार जोडांची ऑर्डर दिली. ट्रक भरले, मंडप घातला, रांगा लावल्या. ज्याचा नंबर येईल त्याने आठांतलं एक खोकं उचलायचं आणि पुढे जायचं. दोन दिवसांत काम फत्ते. साहेब घरी आले ते हवेत चालतच. आम्हाला म्हणाले, "बाबा असते तर..." आणि पुढचं वाक्य आनंदात विरघळून गेलं.

महिन्याभराने ते गाडी घेऊन फिरायला निघाले. आपले जोडे लोकांच्या पायांत बघायचे होते. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा पायातून काढलेल्या मोज्यासारखा झाला होता.

"काय पाहिलंस?" ताईने विचारलं.

"एका खिडकीत आपल्या जोड्यात गुलाबाचं कलम लावलंय. एका दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आपला जोडा लावलाय. एका घरी मांजर व्यालंय आपल्या खोक्यात."

"मांजराला तरी माप बरोबर बसलं."

"थट्टा नको, ताई. फुकटचं मिळालं की लोकांना किंमत नसते. मी मूर्ख. दान-बिन बंद. उद्या कंपनीला फोन करतो, सल्लागार म्हणून का होईना, परत जातो. मला धंदा येतो. हे येत नाही."

मित्रांनो, त्या संध्याकाळी साहेबांची उमेद अगदी काठावर उभी होती. एक फुंकर पुरे होती, आणि पुढची सगळी वर्षं पुन्हा घड्याळ आणि चहात गेली असती. ताईलाही ते कळलं. तिने त्या दिवशी भाजी न तपासताच फोडणीला टाकली, आणि ताईने तपासणी सोडली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब फोनजवळ बसलेले असताना दारावरची घंटा वाजली. बाहेर एक बाई, बस कंडक्टरच्या गणवेशात, हातात आपलं जोड्याचं खोकं. जोडे पुसून, कागदात गुंडाळून, अगदी नव्यासारखे आत ठेवलेले.

"साहेब, हे परत द्यायला आले. जोडा चांगला आहे. पण माझा नाही. ज्याचा असेल त्याला द्या."

साहेब आधीच चिडलेले. "मोठा होतो का? लहान घ्या."

"मोठा होतो आणि लहानही होतो. एकाच वेळी."

"असं कसं?"

"डाव्या पायाला मोठा, उजव्याला लहान. लहानपणी आजारात डावा पाय वाढायचा थांबला. उजव्याला कुणी सांगितलंच नाही, तो वाढत बसला." असं म्हणून ती हसली. पण उभी होती ती दाराच्या चौकटीला टेकून, सगळा भार एका पायावर घेऊन.

ताईने तिला खुर्ची दिली आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दरवेळी दोन मापांचे दोन जोड घेणं परवडत नाही, म्हणून ती डाव्या जोड्यात चिंध्या कोंबते. टाचेला जखम होते. मग ती फेरीत मधेच बसते. मागच्या माणसांना तिकीट मिळत नाही, तक्रारी जातात. आता डेपोच्या साहेबांनी शेवटची संधी दिली होती. येत्या सोमवारी तपासनीस दिवसभर बसमध्ये असणार. ती पूर्ण पाळी उभी राहिली तर ठीक, नाहीतर डेपोत बस धुवायचं काम.

"धुवायला लाज नाही हो," ती म्हणाली, "पण मला माणसं आवडतात. बसशी काय बोलू?"

"धाकट्या," ताई म्हणाली, "तिचं माप घे."

"तू घे ना. तुला येतं."

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी म्हातारे आहेत. बस खाली."

आणि मित्रांनो, काय सांगू. तीन कारखान्यांचा मालक, आठमापेसाहेब, गुडघे कडकड वाजवत जमिनीवर बसला. बाईने पटकन पाय मागे घेतला. "साहेब, पायाला हात नका लावू."

"माझे वडील सगळ्या गावाच्या पायांना हात लावायचे," साहेब म्हणाले. "मीच विसरलो होतो."

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. मग नुसते त्या दोन आकृत्यांकडे बघत बसले. दोन्हीत दोन बोटांचा फरक होता. "ताई," ते म्हणाले, "लोकांनी जोडे फेकले नाहीत गं. मी विचारलंच नव्हतं त्यांना."

"चला," ताई म्हणाली, "चाळीस वर्षांनी का होईना, तपासणीत पास झालास."

पण अडचण पुढेच होती. असा जोडा शिवायचा तर तसा लाकडी पाय हवा. नवा घडवायचा तर लाकूड मुरायलाच काही महिने. सोमवार सहा दिवसांवर. प्लॅस्टिकचे पाय विकले गेलेले, आणि ते कापता येतही नाहीत.

मग तिघांच्याही नजरा हळूहळू फिरल्या आणि आमच्या काचेवर येऊन थांबल्या.

"माझ्याकडे बघतायत," भित्रा कुजबुजला. "दादा, मला इथेच बरं आहे. मखमल आहे, पाटी आहे."

साहेबांनी काचेवर हात ठेवला. "ताई, बाबांच्या हातची एवढीच वस्तू राहिलीय आपल्याकडे. कानस लावली की गेली. परत तशी होणार नाही."

"बाबांनी ती काचेसाठी घडवली होती का?"

साहेब उठले. किल्ली कंपनीकडे, हे तेव्हा लक्षात आलं. पेटी उलटी केली, तर मागे साधी फळी, चार खिळ्यांवर. इतकी वर्षं लोक ज्या पेटीपुढे दबून बोलायचे, ती साहेबांनी लोणी लावायच्या सुरीने दोन मिनिटांत उघडली. बाहेरची हवा अंगाला लागली आणि मला शिंक आल्यासारखं झालं.

पुढचे पाच दिवस घर म्हणजे दुकान झालं. जेवणाच्या टेबलावर चामडं, खुर्च्यांवर दोरे, साखरेच्या डब्यात खिळे. भित्र्यावर कानस चालली तेव्हा तो आधी ओरडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, हे तर पाठ खाजवल्यासारखं आहे." तो घासून दोन मापं लहान झाला. मला उलट करंगळीकडे आणि चवड्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून रुंद केलं. आम्ही जुळे आता चुलत भाऊसुद्धा वाटत नव्हतो. पण खळीचा तो वास, हातोडीची ती ठकठक... मित्रांनो, मी लाकूड नसतो तर नाचलो असतो.

साहेबांच्या बोटांना फोड आले. पहिली शिवण त्यांनी मोठ्या हौसेने ताईला दाखवली.

"हे शिवलंयस की सूड घेतलायस?" म्हणत तिने ती सगळी उसवली.

"सहा तास लागले होते, ताई."

"आता चार लागतील. बस."

शनिवारी शिवण झाली, रविवारी दुपारी आम्हाला आकड्याने ओढून बाहेर काढलं. जोडा शांतपणे उभा होता. एक लहान, एक मोठा, डाव्याचा तळ किंचित उंच. तरी बघणाऱ्याला जोडच वाटावा, ही ताईची करामत. बाईने तो घातला, चार पावलं टाकली, आणि मग दिवाणखान्याला उगाचच तीन फेऱ्या मारल्या. साहेब मात्र त्या रविवारी काही जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी पहिल्या बसला साहेब हजर. मांडीवर कापडी पिशवी, तीत आम्ही दोघं, आरी आणि दोरा. जोडा कुठे चावलाच तर जागच्या जागी दुरुस्त करायचा बेत. तपासनीस वही घेऊन दारापाशी उभा, कपाळावर आठ्या.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. बाई उभीच. "पुढे सरका, पुढे जागा आहे. आजोबा, दांडा धरा, माझा हात नको." दर फेरीला साहेबांनी नवं तिकीट घेतलं. तिसऱ्या फेरीत बाईने डावा पाय जरासा उचलला. साहेब उभेच राहिले, पिशवी घट्ट धरून.

"काय झालं? टोचतंय?"

"खाज आली, साहेब. बसा."

पाचव्या फेरीला बस खच्चून भरली. बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत माशासारखी फिरत होती. साहेब मात्र दर थांब्याला अर्धे उठत, तिचे पाय बघत, परत बसत. शेवटी ती त्यांच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "उतरा आता. मला दिवसभर उभं राहता येतंय आणि तुम्हाला बसता येत नाहीये."

सगळी बस हसली. आणि सातव्या फेरीत काय झालं असेल? तपासनीसच खाली बसला. साहेबांना जरा सरकायला सांगून, "आई गं," म्हणत. वहीत त्याने बोटाएवढं काहीतरी लिहिलं, सही केली आणि पान फाडून बाईच्या हातात दिलं. तिने वाचलं, चारदा घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुढच्या माणसाला तिकीट दिलं. डेपोत बस धुवायचं काम टळलं होतं.

तपासनीस आपली पोटरी चोळत तिच्या जोड्याकडे बघत राहिला. "बाई, हा जोडा कुठे मिळाला? माझे तर दुपारीच गेले पाय."

"तुमच्या शेजारी बसलाय तो दुकानदार."

साहेबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. जोडा आठमापेंचाच होता, सातव्या मापाचा. "अंगठा दुखतो ना?" त्यांनी विचारलं. "काढा." आणि चालत्या बसमध्ये, सीटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, साहेब गुडघ्यांवर बसले, तपासनीसाचा पाय मांडीवर घेतला आणि खिशातून कागदाची पट्टी काढली.

मागून लोक ढकलायला लागले. तेव्हा कंडक्टरबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबा जरा, रस्ता नाहीये. इथे मापं चालू आहेत."

त्या दिवसाला आता सहा वर्षं झाली. साहेबांचा पैसा एकरकमी कुठेच गेला नाही. तो मोठ्या खिडक्यांच्या एका घरात रोज थोडा थोडा जातो. घरी बसलेले लाकडी पाय घडवणारे कारागीर साहेबांनी स्वतः दारोदार जाऊन, माफी मागून परत आणले. तिथे ज्याचा पाय आठांत बसत नाही तो येतो, खुर्चीत बसतो, आणि कुणीतरी त्याच्यासमोर खाली बसतं. बहुतेक वेळा साहेबच. त्यांच्या गुडघ्यांना ताईने उश्या शिवून दिल्यात. ताई दारात तपासणीला. वाकडा टाका अजूनही परत येतो.

मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात जपून, पुसून, काचेआड ठेवलेलं काही असेल तर त्याला कधीतरी बाहेर काढा आणि कामाला लावा. झिजलं तर झिजू द्या. आणि कुणाला काही द्यायचं मनात आलं, तर आधी त्याच्यापुढे खाली बसा आणि त्याला विचारा. खालून माणूस नीट दिसतो.

माझ्या अंगावर आता इतके तुकडे चिकटवले आणि सोलले गेलेत की म्हाताऱ्याने मला ओळखलं नसतं. हे बघा, समोरच्या खुर्चीत एक बासरीवाला येऊन बसलाय आणि लाजत लाजत मोजा काढतोय. कारागिराने मला उचललंय, खळीचं भांडं जवळ ओढलंय. संध्याकाळपर्यंत मी त्याचा पाय होणार आहे.